शिंगाळ्याची बोली लागत नाही

"पप्पा, डोकं आत घ्या. अजून आत! आवाज सगळा बाहेर सांडतोय."

ऑक्टोबरचा उकाडा, त्यात पंखा बंद आणि वर दोन गोधड्या. त्या गोधड्यांच्या तंबूत मृणालीचे पप्पा तोंडासमोर मोबाईल धरून बसले होते. गोधडीत आवाज घुमत नाही, अगदी स्टुडिओसारखा येतो, असं मृणालीनं कुठंतरी पाहिलं होतं. आणि नववीतल्या मुलीला एकदा एखादी गोष्ट पटली की तिच्या बापाला घाम फुटणं आलंच.

"वाक्य आठवतंय ना, काका?" श्रद्धानं विचारलं. श्रद्धा म्हणजे मृणालीची बाकावरची शेजारीण आणि या सिनेमाची अर्धी मालकीण.

"आठवतंय गो," गोधडी म्हणाली.

"मग म्हणा. पण प्रेमानं हां. तुम्ही डोंगराच्या टोकावर उभे आहात, शेजारी पिल्लू आहे, वर चांदण्या आहेत. ॲक्शन!"

गोधडीतून आधी एक लांब श्वास ऐकू आला. आणि मग अख्ख्या वाडीला ऐकू जाईल असा आवाज फुटला, "बाळाऽऽ! हे आकाश तुझंच आहेऽऽ! बोलाऽऽ!"

श्रद्धा हसून हसून जमिनीवर लोळली. स्वयंपाकघरातून मृणालीची आई ओरडली, "काय गो, आकाश इकलं काय? काय भाव गेला?"

पप्पा गोधडीतून बाहेर आले. केस उभे, तोंड लाल. गळ्यावरून हात फिरवत ते एवढंच म्हणाले, "नाय जमत."

जमणार तरी कसं? पप्पा मिरकरवाड्याच्या जेटीवर मासळीचा लिलाव पुकारायचे. इंजिनांची धडधड, बर्फ फोडणारं यंत्र, घारी, कावळे आणि घेणाऱ्या बायकांचा कालवा, या सगळ्यावर मांड ठोकून बसणारा आवाज होता तो. तोच माणूस घरी आला की मात्र "हूं", "जेवलीस?" आणि "दिवा घालव", एवढ्यात दिवस मिटायचा. जणू आवाज ही जेटीच्या मालकीची वस्तू होती. संध्याकाळी गमबूट काढून ठेवावेत तसा तो तिथंच काढून ठेवायचा.

मृणालीला चित्रांचे सिनेमे म्हणजे जीव की प्राण. पण राजकन्या आणि जादूच्या कांड्या गेल्या उडत, तिला वेड होतं ते त्यातल्या बापांचं. कुठं पिल्लासाठी वादळात शिरणारा बाप, कुठं दुसऱ्याचं पोर पंखाखाली घेणारा बाप, कुठं केसाळ, सुळेवाला, सगळ्या जंगलाला धाक असलेला आणि रात्री हळूच अंगाई म्हणणारा बाप! आणि त्या प्रत्येकाचा एक क्षण यायचा. संगीत मंद व्हायचं, बाप पिल्लाच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि एकच वाक्य बोलायचा. झालं! मृणालीच्या डोळ्यांना धार. "चित्रातल्या बापासाठी रडतेस मेले, तुझा खराखुरा बापूस तिकडं जेवायला थांबलाय," असं आई म्हणायची.

यंदा शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलांनी केलेले छोटे सिनेमे दाखवणार होते. मृणाली आणि श्रद्धानं जांभ्याच्या लाल मातीचा एक हत्ती केला, एक पिल्लू केलं. हत्तीचा पाय केसभर हलवायचा, फोटो काढायचा, पुन्हा केसभर हलवायचा, पुन्हा फोटो. अशा उद्योगात दोघींचं अख्खं नवरात्र गेलं. आता हत्तीला आवाज हवा होता. आणि रत्नागिरीत पप्पांच्याहून मोठा आवाज कुणाचा?

पण घाईचं कारण दुसरंच होतं. पप्पांच्या घशात गाठ आली होती. दिवाळी झाली की कोल्हापूरला ऑपरेशन. गाठ निघेल, डॉक्टर म्हणाले होते, पण आवाज राहील की जाईल ते आज सांगता यायचं नाही. आई गॅसकडे तोंड करून रडली. पप्पा म्हणाले, "हूं."

आणि मृणालीनं ठरवलं, आवाज जायच्या आधी आपण तो पकडायचा. पप्पांचा लिलाव काय, भाट्याच्या किनाऱ्यावरून इकडं आलेले पर्यटकसुद्धा मोबाईलवर घेऊन जातात. तिला तो नको होता. त्या समुद्राएवढ्या आवाजात एकदा, फक्त एकदाच, "बाळा" ऐकायचं होतं. हे तिनं श्रद्धालाही सांगितलं नव्हतं.

"घरी त्यांना लाज वाटते," श्रद्धा म्हणाली. "जेटीवरच जाऊ या."

म्हणून दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर दोघी दप्तरासकट जेटीवर. खंडू तांडेलाची बोट नुकतीच लागली होती आणि टोपल्यांवर टोपल्या उतरत होत्या. पुढच्या रांगेत, कमरेला पदर खोचून, काशीमावशी उभी. तिची आणि पप्पांची जोडी म्हणजे त्या जेटीवरची जुनी रीतच. पहिला हात वर करायचा तो काशीमावशीनं. तिच्या आधी कुणी हात वर केला की तिच्या तोंडाचा पट्टा सुरू.

"काय गो मृणाली, बापसाला सिनेमात घेतलंस म्हणे?" काशीमावशी म्हणाली. "हिरोइन कोण? मी तयार हाय हां!"

"हत्तीण पाहिजे, मावशी," श्रद्धा म्हणाली.

"मग काय, मीच!" आणि स्वतःच्याच बोलण्यावर ती टोपल्या हलतील अशी हसली.

तेवढ्यात पप्पांनी श्वास घेतला.

मृणालीनं हे लहानपणापासून पाहिलं होतं, पण नीट ऐकलं आज. पोटाच्या तळातून निघालेला, नाकात किंचित शिट्टी वाजवणारा, लांबच लांब श्वास. तो आला आणि जेटी गप्प झाली. भांडणाऱ्या बायका अर्ध्या शिवीवर थांबल्या. खंडू तांडेलानं हातातली बिडी तशीच धरून ठेवली. कुणी गप्प बसा म्हटलं नव्हतं. नुसता एक श्वास, आणि पाचशे तोंडं मिटली! चित्रातल्या कुठल्या राजाला तरी हे जमलं असतं का?

"बोलाऽऽ!"

काशीमावशीचा हात वर. भाव चढत गेला. शेवटी पप्पांनी मान एकदाच खाली केली. त्यांची मान खाली झाली की सौदा पक्का, मग देवानं येऊन जास्त भाव सांगितला तरी बदल नाही.

सुरमई गेली, बांगडा गेला. पुढची टोपली शिंगाळ्यांची होती. शिंगाळा म्हणजे मिशाळ, राखी, काटेरी मासा, दिसायला कुणी नाव काढावं असा मुळीच नाही. पप्पा वाकले. एका माशाच्या जबड्यात त्यांनी हलकेच अंगठा घातला, आत पाहिलं आणि तो मासा बाजूला काढून ठेवला.

"ह्याची बोली नाय," ते म्हणाले.

"झालं!" खंडू तांडेल ओरडला. "भिकाजीदादा, निघाला तुझा वाटा! अरे, एक मासा घ्यायचा तर सुरमई घे ना. रीत हाय तुझी."

"संध्याच्या घरी आज परत सुकटीचं कालवण गो बाय," काशीमावशीनं मृणालीच्या आईच्या नावानं सुस्कारा टाकला.

पुकारणाऱ्याला रोज त्याच्या पसंतीचा एक मासा मिळायचा. तेवढाच त्याचा वाटा. काही दिवस पप्पा पापलेट आणायचे, काही दिवस हात हलवत यायचे. त्या दिवशी आई न बोलता सुकटीचा डबा काढायची. मृणाली नाक मुरडायची. जेटीवर काम करणाऱ्याच्या घरी मासा नाही म्हणजे काय!

लिलाव संपल्यावर पप्पा तो शिंगाळा दोन्ही हातांवर घेऊन जेटीच्या टोकाकडे निघाले. मृणाली मागोमाग. ते गुडघ्यांवर बसले, वाकले आणि मासा पाण्यात ठेवला. टाकला नाही, ठेवला.

"पप्पा, तो मेलेला आहे."

"व्हय."

"मग?"

पप्पांनी गळ्यावर हात ठेवला. लिलावानं त्यांचा घसा पार सोलून निघाला होता. "नर हाय तो. मादी अंडी घालून जाते. हा ती तोंडात घेतो. गोटीएवढी असतात. त्यातून पिल्लं येतात, तीपण तोंडातच ऱ्हातात. तवर हा काय खात नाय. उपाशी फिरतो."

"काहीच खात नाही?"

"खाणार कसा? तोंड उघडलं की पोरं सांडली." त्यांनी हात पाण्यात बुडवून धुतले. "अशाची बोली लावायची नाय, म्हणून माझे बापूस, आप्पा, सांगायचे. त्यांनी कधी लावली नाय."

एवढं लांब बोलणं पप्पांनी मृणालीशी आयुष्यात पहिल्यांदा केलं असावं. पण मोबाईल तिच्या खिशातच राहिला. तिच्या लक्षातसुद्धा आलं नाही. ती पाण्याकडे बघत राहिली. खाली, या गढूळ पाण्यात, डिझेलच्या तवंगाखाली, कितीतरी बाप आत्ता तोंड मिटून फिरत असतील. उपाशी. गप्प. आणि कुणी त्यांच्यावर सिनेमा काढलेला नाही!

घरी आल्यावर तिनं आईला विचारलं, "तुला माहीत होतं?"

आई सुकट निवडत होती. "लग्न झाल्यावर मी भांडले होते गो. जेटीवरचा माणूस नि ताटात सुकट! मग एकदा गेले लपून बघायला, वाटा जातो कुणाच्या घरी. बघून आले. त्या दिवसापासून काय बोलले नाय."

मृणालीनं हत्ती उचलला आणि सरळ पाण्याच्या बादलीत बुडवला.

"अगं बाई!" श्रद्धा किंचाळली. "अख्खं नवरात्र!"

"मातीच आहे. भिजू दे. याचा शिंगाळा करायचा."

दोन दिवसांनी पप्पांनी ओट्यावर पाहिलं तर हत्तीच्या जागी लाल मातीचा मिशाळ मासा, गाल फुगवून बसलेला.

"हत्ती कुठं गेला?"

"शिंगाळा झाला," मृणाली उत्साहानं म्हणाली. "हा सगळ्यांत भारी बाप आहे, पप्पा! वादळ येतं, मोठा मासा अंगावर येतो, समोरून खाणं वाहत जातं, पण हा तोंड उघडत नाही म्हणजे नाहीच."

"नि बोलणार काय?"

"काहीच नाही. तोंडात पिल्लं आहेत ना!"

पप्पांनी मान हलवली. मातीच्या माशाचा काटा बोटानं सरळ केला. मग हळूच विचारलं, "म्हंजे माझा आवाज नको?"

मृणालीनं हातातली माती खाली ठेवली.

"मी पाठ केलं होतं," पप्पा म्हणाले. "बर्फाच्या गाडीवर बसून म्हणत ऱ्हायचो. आता ओरडत नव्हतो." आणि त्यांनी म्हणून दाखवायला तोंड उघडलं. त्या दिवशीच्या लिलावानं घसा बसला होता. पाट्यावर वरवंटा सरकावा तसं काहीतरी खरखरलं. तेच आधी हसले. "ऱ्हाऊ दे. दिवाळीपतूर सुटेल."

सुटला नाही. दिवाळी झाली, कोल्हापूर झालं. गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, माणूस वाचला हे मोठं. पप्पांच्या तोंडून आता नुसती हवा यायची, शब्दाच्या आकाराची. जेटीवर दुसरा माणूस पुकारू लागला. पप्पा तरीही रोज जायचे, टोपल्या लावून द्यायचे आणि मागे उभे राहायचे.

सिनेमा जवळजवळ झाला होता. फक्त शेवट उरला होता. पिल्लं मोठी होतात, बापाच्या तोंडातून एकेक करून निघतात, लांब जातात. बाप उरतो, उघड्या, रिकाम्या तोंडाचा.

"इथं बासरी टाकू या," श्रद्धा म्हणाली. "सगळे रडतील."

पण मृणालीला बासरी नको होती. तिनं मोबाईलमधली सगळी जुनी रेकॉर्डिंग काढली. गोधडीतलं लागलं. "बाळाऽऽ! हे आकाश तुझंच आहेऽऽ! बोलाऽऽ!" दोघी त्या दिवशीसारख्याच हसल्या, आणि मग मृणालीचं हसणं कुठंतरी वाकडं गेलं. सापडलं की! "बाळा" सापडलं होतं, पहिल्या दिवसापासून खिशातच होतं. तिनं ते कितीदा ऐकलं ते श्रद्धानं मोजलं नाही.

"हेच लाव ना शेवटी," श्रद्धा हळू आवाजात म्हणाली.

"नको. हे माझं आहे," मृणाली म्हणाली. आणि तिनं त्या वाक्याच्या अलीकडचा तुकडा तेवढा कापून घेतला.

स्नेहसंमेलनाला सगळी वाडी लोटली. काशीमावशी आणि जेटीवरच्या बायका मागच्या खुर्च्यांवर, नव्या साड्यांत, शेंगा खात, मोठमोठ्यानं बोलत. पुढे तिसऱ्या रांगेत आई आणि पप्पा. पप्पांच्या गळ्याला मफलर.

पडद्यावर लाल मातीचा शिंगाळा पोहत होता, जरा अडखळत, जरा धक्के खात, पण पोहत होता. वादळ आलं. खाणं समोरून गेलं. मुलं ओरडली, "अरे खा ना!" तो खाईना. मग पिल्लं निघाली. एक, अजून एक, शेवटचं वळून पाहणारं. बाप एकटा. तोंड उघडं.

आणि हॉलभर श्वास आला. पोटाच्या तळातून निघालेला, नाकात शिट्टी वाजवणारा, लांबच लांब. पडदा काळा झाला.

पुढच्या मुलांना वाटलं, सिनेमा बिघडला. पण मागे शेंगांची टरफलं वाजायची थांबली. जेटीवरच्या सगळ्या बायका अर्ध्या शब्दावर गप्प झाल्या, आपोआप, जशा रोज व्हायच्या तशा. त्यांना बघून सगळा हॉल गप्प झाला. मृणालीनं पप्पांकडे पाहिलं. त्यांची छाती भरून वर आली होती. तोंड उघडलं होतं. मग ते हळूच मिटलं.

मागे अंधारात, काशीमावशीचा हात सवयीनं वर गेला होता. तो तसाच वर राहिला. खाली घ्यायचं तिला सुचेना.

पप्पा खुर्चीत मागे वळले. त्यांनी त्या हाताकडे पाहिलं आणि मान एकदाच खाली केली.