प्राण फुंकलेला अ‍ॅम्प्लिफायर

"अहाहा! जिवंत वाजतंय हो!"

सभागृहातली शंभर माणसं डोलत होती, काहीजण तर चक्क डोळे पुसत होते. टेबलावर व्हायोलिनची ध्वनिमुद्रिका वाजवणारे दोन अ‍ॅम्प्लिफायर, त्यांच्या बटणांवर मखमली फडकं आणि फडक्याखाली स्वतःला नादगुरू म्हणवणाऱ्या बुवांचा हात.

"पहिला निर्जीव डबा. दुसऱ्यात मी प्राण फुंकलाय," नादगुरू म्हणाले. "बहिऱ्या कानालाही जाग आणतो. विचारा या मास्तरांना!"

पहिल्या रांगेतले व्हायोलिनचे मास्तर हात जोडून उठले. मागे भिंतीशी त्यांची लेक दात-ओठ खात उभी होती. ती इस्पितळात लोकांचे कान तपासायची. बाबांचा उजवा कान गेलेला, डाव्यात थोडंसं उरलेलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, श्रवणयंत्र लावा, मोठ्या आवाजापासून लांब राहा, नाहीतर तेवढंही जाईल. आणि हे महाशय यंत्र कपाटात फेकून रोज दोन तास या भोंग्यासमोर!

तपासणाऱ्याचा हात ऐकणाऱ्याला दिसू द्यायचा नाही, हा तिच्या कामातला पहिला नियम. हात हलताना दिसला की माणूस काही न ऐकताच "आलं, आलं" म्हणतो. पण या बुवाला हात कशाला लपवायचा होता?

ती तरातरा पुढे गेली.

"ताई, श्रद्धा नसेल तर..."

"श्रद्धा राहू द्या, बटण दाखवा."

तिने फडकं ओढलं. डब्याचं बटण तीनवर, प्राणाचं सहावर! तिने आवाज मोजायचं यंत्र काढून दोन्ही सारखे केले, मध्ये पडदा धरला. "आता ओळखा." निम्मे डब्यालाच प्राण म्हणाले. दुसऱ्या खेपेला त्यांनीच उत्तरं फिरवली.

"अगदी हळू लावा, मग कळेल!" नादगुरू घाईने म्हणाले. हळू आवाजात त्यांचा प्राणवाला खरंच भरदार वाजला. लोक टाळ्या पिटणार, एवढ्यात तिने झाकण उचकटलं.

"हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज आणि फार वरचे सूर कमी पोचतात. यात ते गुपचूप वाढवलेत. जुन्या रेडिओतही ही सोय असायची. हा बघा तुमचा प्राण, हा एवढासा भाग, डाख देऊन तारांना जोडलेला!"

"गप्प बस, कार्टे!" मास्तर ओरडले. "माझं व्हायोलिन मला परत मिळालंय!"

महिनाभर तिने घरी समजावलं होतं. आता तिने स्पीकरला जाणारी मागची तार हळूच उपटली आणि त्यांच्या डोळ्यांदेखत बटण फिरवलं. मास्तरांनी डोळे मिटले, मान डोलवली.

"वा! काय मींड घेतलीय!"

सभागृह खदाखदा हसलं. नादगुरू सगळ्यांत मोठ्याने हसले.

"दात काढू नका," ती कडाडली. "मघाशी तुम्हीही असेच डोलत होता. यापुढे कुणी चमत्कार ऐकवला, तर आधी आवाज सारखा करायला लावा, मध्ये पडदा धरा, मग बोला. आणि ऐकू येईनासं झालं, तर सरळ डॉक्टर गाठा."

मास्तरांनी डोळे उघडले. "संपलं? एवढ्यात?"

तिने त्यांच्या डाव्या कानाशी तोंड नेलं. "बाबा, काही वाजतच नव्हतं!"

"काय?"

तिला तीनदा ओरडावं लागलं. तिसऱ्यांदा त्यांना ऐकू आलं.