लव न फुटलेली वाटी

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे, मित्रांनो, आणि मी जे पाहिलं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

तीस वर्षं मी बर्गन शहरातल्या एका प्रयोगशाळेत आहे. पूर्वी पाहुणे आले की मलाच पुढे करायचे. काय तो माझा थाट! मग आकडे सांगणारी यंत्रं आली आणि मी खिडकीपाशी धूळ खात बसलो. माझी भिंगं पुसायला यायची ती एकटी गुनवोर, इथली सगळ्यात जुनी तंत्रज्ञ.

एस्किल हा शास्त्रज्ञ वाट्यांमध्ये श्वासनळीच्या अस्तराच्या पेशी वाढवायचा. खालून खाऊ, वरून हवा. काही आठवड्यांत त्यांना लव फुटते आणि ती गवतासारखी डुलत श्वासातला कचरा बाहेर लोटते.

तो भिंतीवरचे जंतू मारणारी चांदीची भुकटी तपासत होता. इतकी बारीक, की तिचा कण मलाही दिसत नाही. आधीच्या फेऱ्यांत लव फुटलेल्या पेशींनी ती सोसली, म्हणून ती सुरक्षित ठरली. नियमापुरती चाचणीची शेवटची एक फेरी उरली आणि ईस्टरची सुट्टी आली. ईस्टरला इथे अख्खं गाव डोंगरातल्या लाकडी घरांकडे पळतं.

"लव फुटेपर्यंत थांब ना," गुनवोर म्हणाली.

"आणि बर्फावर घसरायला काय जूनमध्ये जाऊ?" एस्किलने कोवळ्या पेशींवरच भुकटी फवारली आणि तो गेला.

दहा दिवसांनी तो उन्हाने नाक सोलवटून परतला. यंत्राने जिवंत पेशींचा आकडा दिला : सगळं ठीक. गुनवोरने मात्र वाटी माझ्याखाली ठेवली. शेजारच्या, तेवढ्याच वयाच्या पण भुकटी न लागलेल्या वाटीत लव डुलत होती. हिच्यात नुसता चिकट कफ. काहीच हलत नव्हतं.

"माझी घाई नडली. फेकून दे ती," एस्किल म्हणाला.

"फेकू कशी? लहान मुलांचं अस्तरही अजून घडतच असतं रे. तुझी लेक टुवा किती वर्षांची?"

"तीन." टुवाच्या बालवाडीच्या भिंतींना हीच भुकटी मारायची होती.

त्याने तिथल्या बाईंना फोन लावला.

"ते होय? आम्ही सुट्टीतच उरकलं की, मुलं नव्हती ना," बाई हसून म्हणाल्या. "टुवा बघ, भिंतीला नाक टेकवून आकडे मोजतेय. राज्य आलंय तिच्यावर."

"मुलांना बाहेर काढा. आत्ताच्या आत्ता." कोट न घेताच तो धावत सुटला.

गुनवोर माझ्यापाशी बसून राहिली. वाटीत अजूनही काही हलत नाही.

मित्रांनो, मोठ्यांना सोसलं ते तुम्हालाही सोसेल, असं कुणी म्हणालं तर एवढंच विचारा : वाढत्या पेशींवर कुणी तपासून पाहिलंय का? आणि भिंतीला भुकटी लागायच्या आधी विचारा.