पांढऱ्या पडद्यावरचा हात

हसनैन बोलायला बसला की स्वप्निलचं नाव निघायचंच, आणि स्वप्निलचं नाव निघालं की ती गुहा. परतवाड्याच्या वर, सातपुड्याच्या पोटात. ना पायरी, ना कठडा, ना दिवा. माणूस सरपटत जेमतेम आत शिरेल एवढंच तोंड. हे दोघे जिवलग मित्र पहिल्यांदा आत गेले आणि टॉर्च वर करून पाहतात तर काय! छताला दगडाच्या बारीक पांढऱ्या नळ्या लोंबतायत, शेवया वाळत घातल्यासारख्या. भिंतींवर दगडाचेच पडदे, चुण्या पडलेले, ओले, चमचमणारे. "अबे, श्वास हळू घे," स्वप्निल म्हणाला. एरवी तोंडाला खंड नसलेला गडी, पण एवढंही त्यानं कुजबुजत सांगितलं.

निघताना मात्र घात झाला. पाय सटकला आणि त्याचा चिखलानं भरलेला हात नेमका सगळ्यात देखण्या पडद्यावर गेला. पाचही बोटं उमटली. अशा गुहांत जाणाऱ्यांचा नेम एकच, आपली खूण मागे ठेवायची नाही. वरून झिरपणाऱ्या पाण्यानं तो दगड वाढत असतो. माती वेळेत धुतली नाही तर तिच्यावर दगड चढतो आणि डाग कायमचा. जवळचं पाणी तर संपलेलं. त्या दिवशी स्वप्निल डब्याला शिवला नाही. "हसन्या, हे धुतल्याबिगर मले चैन नाई पडनार. दिवाळी झाली की येऊ." दिवाळीच्या आधीच रस्त्यावर त्याची मोटारसायकल घसरली, आणि सगळं संपलं.

वर्ष उलटलं, तेव्हा हसनैन राजापेठेत स्वप्निलच्या आईकडे, चतुराबाईंकडे गेला. गुहेतला तो हात कायमचा होण्याआधी धुवायला जातोय, एवढं सांगायला. तोंड उघडलं हीच चूक झाली म्हणा ना.

"कायमचा राहते म्हनतं ना?" बाई एकदम म्हणाल्या. "मंग राहू दे! माह्या पोराचं दुसरं काय उरलं हाय?"

एकीकडे मित्राचा शब्द, दुसरीकडे त्याची माय. हसनैनचा जीव अगदी कात्रीत सापडला.

"मावशी, मी फोटो काढून आनतो."

"फोटो नाई पाह्यत मी. मले हात दाखव."

बाई हट्टाला पेटल्या. जन्मभर वावरात राबलेलं काटक शरीर. लुगड्याचा काचा मारून त्या गुहेच्या तोंडातून त्याच्या मागोमाग सरपटल्या, कोपरं सोलवटली तरी हूं की चूं नाही. आत उभं राहिल्यावर त्यांनी वर पाहिलं आणि हात जोडले. मग हसनैननं पडद्यावर उजेड धरला.

बाईंनी एकेक बोट निरखलं. मग त्यांचा चेहरा उतरला.

"हसनैन, हा हात टेकला नाई रे. हा घसरून राहिला."

खरंच की. पाचही बोटं खाली ओढली गेली होती, धरायला काही न सापडल्यासारखी. इतके दिवस हसनैनला त्यात नुसती माती दिसली होती.

"रोडवरबी असाच सटकला असंन तो," त्या म्हणाल्या. "अन् मी त्याले इथं कायमचा पडताच ठेवू काय? आन ते पानी."

त्यानं बाटली आणि मऊ ब्रश काढला. बाईंनी तो त्याच्या हातातून घेतला. "मले आंघोळबी घालू नाई देल्ली त्याले. दवाखान्यातून बांधून आनलं, उघडू नका म्हने."

त्या एकेक बोट धुऊ लागल्या, हलक्या हातानं, घाई न करता. हसनैन खाली फडकं धरून गढूळ पाणी टिपत होता आणि लहान पोरासारखा रडत होता. फक्त करंगळी उरली तेव्हा त्याला राहवेना.

"मावशी, तेवढी राहू द्या."

बाईंनी नकारार्थी मान हलवली आणि ओला ब्रश त्या करंगळीवर ठेवला.

"उठ बापू," त्या पडद्याकडे पाहत म्हणाल्या. "उठ आता."