काढून घेतलेला दिवा

मित्रांनो, मी एक जुनी लाल स्पोर्ट्स कार आहे. मला दोनच दरवाजे आहेत आणि मी जमिनीला इतकी चिकटून चालते की गल्लीतली कुत्रीसुद्धा माझ्याकडे वरून पाहतात. आज मी धुळ्यात एका पत्र्याच्या शेडमध्ये राहते. मी बरी झाले आहे, असे सगळे म्हणतात. बरी झाले आहे हे खरे, पण विसरले नाही.

माझा जन्म दूरदेशी एका कारखान्यात झाला. तिथे मला वाऱ्याशी शर्यत करायला शिकवले. मग मी जहाजातून आले आणि पुण्याच्या एका डॉक्टरीणबाईंच्या घरी बारा वर्षे राहिले. त्या दर रविवारी पदर खोचून माझे तेल, पाणी, टायर तपासत. वयोमानाने माझा तापमानाचा काटा मध्यावरच अडकून बसला, तेव्हा त्या म्हणाल्या, "काटा राहू दे, तुझा लाल दिवा तरी शहाणा आहे." इंजिन तापले की तो दिवा लागे आणि बाई लगेच गाडी थांबवत. मला वाटे, सगळी माणसे अशीच असतात.

बाई थकल्या आणि मला चोपड्याच्या योगराजने घेतले. त्याची केळीची शेती होती आणि स्वभाव हौशी होता. मी गावात शिरले त्या दिवशी माझ्यामागे पोरांची जत्रा लागली. योगराजच्या आईने माझ्या बॉनेटवर हळदीकुंकवाची पाच बोटे उमटवली. खोटे कशाला बोलू, मी त्या दिवशी खूप फुलून गेले होते.

पण तिथे मला पळायचे काम नव्हतेच. लगीनसराईत नवरदेवाची मिरवणूक काढायला योगराज मला नात्यागोत्यात नेऊ लागला. पुढे वाजंत्री, त्यामागे नाचणारे आणि त्यांच्यामागे पावलापावलाने मी. वैशाखाचे ऊन वरून आणि तापलेला डांबरी रस्ता खालून. तिसऱ्या लग्नातच माझा लाल दिवा लागला.

योगराजने मला कौतिकनानांकडे नेले. नाना म्हणजे चोपड्याच्या रस्त्यावरचे जुने मिस्तरी. लांब पेचकसाचे टोक इंजिनाला लावून दांडा कानाशी धरत आणि डोळे मिटून ऐकत. माझे इतके मन लावून कोणी ऐकले नव्हते.

नानांनी आधी मला मोठ्या रस्त्यावर पळवून आणले. दिवा लागला नाही. मग त्यांनी मला अंगणात नुसतीच चालू ठेवली. दहा मिनिटांत दिवा लागला, पण पंखा फिरेना. नानांनी बॅटरीची तार थेट पंख्याला लावली, तसा तो गरगर फिरला. म्हणजे पंखा चांगला होता. फ्यूजही चांगला होता. मग त्यांनी पंख्याचा रिले काढला. रिले म्हणजे पंख्याला हुकूम देणारी काड्यापेटीहून लहान डबी. तिच्या जागी हॉर्नची तशीच डबी बसवली आणि पंखा आपोआप सुरू झाला.

"योगराज, हाई गाडी बिमार नही," नाना म्हणाले. "पंखाले हुकूम भेटस नही, तेवढंच. पळताना तिले वारा भेटस. उभी ऱ्हायनी का गुदमरस."

"नाना, लगीनमा तर हळूच चालनं पडस. नाचनारा पुढे ऱ्हातस."

"मंग बैलजोडी आन. तिले ताप येत नही."

दोघे हसले. नवी डबी बसली आणि मी बरी झाले. "आते लगीन बंद," असे नानांनी बजावून सांगितले. योगराजने मान हलवली. मित्रांनो, मान हलवणे आणि ऐकणे ह्यांत फरक असतो, हे मला तेव्हा कळले नाही.

महिनाभरात धरणगावला त्याच्या चुलतभावाचे, ईश्वरचे लग्न निघाले. ह्या वेळी मला जास्तच सजवले. पुढच्या जाळीवर झेंडूच्या माळांची दाट चादर बांधली. लोकांनी फोटो काढले. कोणाच्या लक्षात आले नाही, की त्याच जाळीतून मी श्वास घेते. पंखा जीव तोडून फिरत होता, पण फुलांतून वारा येईना.

"योगराज भाऊ, हाऊ लाल दिवा लागना," आत बसलेला नवरदेव म्हणाला.

"लागू दे. लगीनघरमा दिवा नको का लागाले?"

सगळे खो खो हसले. योगराजने दिव्यापुढे लग्नपत्रिका खोचली आणि तो दिसेनासा झाला. मिरवणूक अडीच तास चालली.

दुसऱ्या दिवशी मला दोर बांधून नानांच्या दारी आणले. नाना खाली बसून जाळीतल्या जळक्या पाकळ्या एकेक करून काढत होते. "तुम्ही तिना नाकमा झेंडू कोंबी दिधा," ते म्हणाले. रेडिएटरला चीर गेली होती. इंजिनाच्या दोन भागांमध्ये हेड गॅस्केट नावाची पातळ चकती असते, तीही जळली होती. "इंजिन उघडनं पडी."

"उघडाले येळ कोनले शे? गाडी इकी टाकसू. ती चार दिन गप ऱ्हाई, असं करा."

"आनि घेनारनं काय?"

योगराज शेडच्या खांबाला टेकून छताकडे पाहत राहिला. ती जागा त्याच्या वडिलांनी नानांना गॅरेजसाठी दिली होती. नानांनीही एकदा छताकडे पाहिले.

मग ते घरात गेले आणि हळदीचा डबा घेऊन आले.

जुने ड्रायव्हर आडरस्त्यात अडकले की गळक्या रेडिएटरमध्ये हळद टाकतात. हळद भेगेत जाऊन बसते, गळती काही दिवस थांबते आणि गाडी कशीबशी गॅरेज गाठते. नाना स्वतः सांगत, की हा उपाय गॅरेजपर्यंत पोचण्याचा आहे, गॅरेजातून बाहेर काढण्याचा नाही. त्याच नानांनी मूठमूठ हळद माझ्यात ओतली. मग डॅशबोर्ड उघडून माझ्या लाल दिव्याचा बल्ब काढला. त्यांचे हात नेहमीसारखेच हलके होते. मला त्याचेच अधिक वाईट वाटले. योगराजने माझे कधी ऐकलेच नव्हते. नानांनी मात्र सगळे ऐकले होते आणि तरीही माझे तोंड बंद केले.

मला पाहायला धुळ्याच्या पुनमताई आल्या. त्या शाळेत चित्रकला शिकवत. लहानपणापासून अशाच लाल गाडीची चित्रे काढत आल्या होत्या. सकाळच्या गारव्यात त्यांनी मला फिरवले, तेव्हा मी गुणी मुलीसारखी चालले. परतल्यावर त्या म्हणाल्या, "नाना, मला गाडीतलं फार कळत नाही. तुमचा शब्द शेवटचा, असं सगळे सांगतात. तुमच्या रोहिणीला ही गाडी घेऊ दिली असती का तुम्ही?"

रोहिणी ही नानांची मुलगी. नाना हात पुसत राहिले. "दिली असती, बेटा."

मला ओरडायचे होते. पण माझा दिवा त्यांच्याकडे होता.

तीन आठवड्यांनी पुनमताई जळगावहून आईला घेऊन निघाल्या. मंजुळाबाईंच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले होते आणि एका डोळ्यावर हिरवी पट्टी होती. दुसऱ्याने त्यांना आधीच अंधुक दिसे. पारोळ्याच्या अलीकडे, भर दुपारी, माझ्यातली हळद सुटली. पाणी उकळून बाहेर उडाले, इंजिन जाम झाले आणि मी रस्त्याच्या मधोमध थांबले. मागून येणारा ट्रक हातभर अंतरावरून वळला. पुनमताईंनी आईला धरून बाभळीखाली नेले.

मंजुळाबाईंनी हवेत वास घेतला. "पुनम, जवळ कोणाकडे हळद लागते आहे का गं?"

पुनमताईंनी माझ्याकडे पाहिले. माझ्या पोटाखालून पिवळे पाणी वाहत होते.

त्यांनी नानांना फोन केला. दोन तासांनी नाना आपल्या जीपने आले आणि आधी बाभळीखालच्या म्हातारीजवळ थांबले.

"नाना, तुम्हाला माहीत होतं?" पुनमताईंनी विचारले.

नानांनी खिशातून काड्यापेटी काढून त्यांच्या हातावर ठेवली. तिच्यात माझा बल्ब होता. त्यांनी तो फेकला नव्हता.

"रोहिणीले दिधी नसती," ते खाली पाहत म्हणाले. "मी दुरुस्त करी देस. सारं इंजिन नवं करी देस."

"नाही नाना. तिला आता तुम्ही हात लावू नका."

धुळ्याच्या हितेंद्र मिस्तरींनी मला चार महिन्यांत उभे केले. हळद निघावी म्हणून सात वेळा माझे पोट धुतले. तरी तापले की मला तो वास येतोच. चोपड्याच्या रस्त्यावर नाना कधी दिसतात. हात वर करतात. आम्ही थांबत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी सायकल असो, गाडी असो की पाण्याचा पंप, तिला बोलण्याची आपली एक रीत असते. ती ऐका. दुरुस्त करता आले नाही, तरी तिचे तोंड बंद करू नका.

पुनमताई आता रोज, दिवा शाबूत आहे ना हे पाहायला, किल्ली अर्धीच फिरवून थांबतात. तेवढ्यात माझा लाल दिवा क्षणभर लागतो आणि विझतो. शेजारी बसलेल्या मंजुळाबाई विचारतात, "लागला का गं?"

"लागला, आई."

मग आम्ही निघतो.