सोमवारची फुंक

कारखान्यात बेचाळीस कामगार होते. सहा करवती, दोन रंधायंत्रं, चार खिडक्या. त्यांतल्या दोनच उघडायच्या. हवा बाहेर फेकणारा पंखा एक, तोही बंद. खिडकीच्या कठड्यावर आठ तासांत साचलेला भुसा मी ब्रशनं गोळा करून तोलला: अकरा ग्रॅम. हा भुसा छातीत जाऊन माणसाची फुंक किती कमी करतो, हे तीन महिने मोजणं म्हणजे माझा पदव्युत्तर प्रकल्प. मार्गदर्शक होत्या मॅडम.

यंत्र साधं होतं. प्लॅस्टिकची नळी, तिच्यावर पट्टी, पट्टीवर काटा. छाती भरून जोरात फुंकलं की काटा सरकतो आणि मिनिटाला किती लिटर वेगानं हवा सुटली ते कळतं. पहिल्याच दिवशी करवतीवरचे मिस्त्री म्हणाले, "ताई, घरी बायको तोंड उघडू देत नाही, आणि तुम्ही म्हणता जोर लावा!" तेव्हापासून माझं नाव फुंकवाली ताई पडलं.

या यंत्राची एक खोड असते. आत धूळ बसली की काटा अडखळतो आणि सगळ्यांचेच आकडे खाली येतात. म्हणून दर सोमवारी, कामगारांच्या आधी, ठरलेल्या निरोगी माणसानं फुंकायचं. त्याचा आकडा हलला नाही म्हणजे यंत्र ठीक. तपासणीच्या कागदावर अशा दोन माणसांसाठी दोन ओळी होत्या. मला लहानपणी दमा होता, त्यामुळे माझी फुंक चालणार नव्हती.

"दुसरं कोण शोधायचं?" मी विचारलं.

"कशाला शोधतेस? माझी फुंक म्हणजे दगडावरची रेघ," मॅडम म्हणाल्या आणि फुंकल्या. चारशे दहा. दुसरी ओळ रिकामी राहिली.

सातव्या सोमवारी मॅडमचा आकडा तीनशे नव्वद आला. मी नळी कोमट साबणपाण्यात धुतली, वाळवली. पुन्हा तीनशे नव्वद. दहाव्या सोमवारी तीनशे ऐंशी, बाराव्या सोमवारी तीनशे पंचाहत्तर. कामगारांची सरासरीही जवळपास तेवढीच उतरली होती. मला फार हुशार झाल्यासारखं वाटलं. बेचाळीस कामगार उतरतात आणि भुशाशी काही संबंध नसलेल्या मॅडमही उतरतात, म्हणजे उतरतंय ते यंत्र. मी मॅडमच्या घसरणीवरून गुणक काढला आणि सगळ्या कामगारांचे आकडे त्यानं वर उचलले. घसरण नाहीशी झाली. भुसा निर्दोष ठरला.

मॅडमनी तक्ता दोनदा तपासला. "शाब्बास कार्टे," म्हणाल्या आणि खाली सही केली.

मधल्या एका सोमवारी मिस्त्रींनी मला बाजूला घेतलं होतं. "ताई, मोठ्या मॅडम जिना चढून आल्या की श्वासाला आवाज येतो. पातं लाकडात धरलं जातं ना, तसा."

मी ते हसत हसत मॅडमना सांगितलं. "वजन वाढलंय, बाकी काही नाही," त्या म्हणाल्या. "आणि आता मिस्त्री आपल्याला वैद्यकी शिकवणार का?" आम्ही दोघी खूप हसलो. मी ते कुठेच टिपून ठेवलं नाही. अभ्यास कामगारांच्या श्वासाचा होता.

प्रबंध छापायला जाण्याच्या आठवड्यात मॅडम विभागाच्या जिन्यात खाली बसल्या, त्यांना उठता येईना. श्वासनळीत गाठ निघाली. डॉक्टर त्यांच्या बहिणीला म्हणाले, दोन महिन्यांपूर्वी आला असतात तर काढता आली असती. मी रुग्णालयात त्यांच्या खोलीच्या दाराशी उभी होते. दोन महिन्यांपूर्वी म्हणजे सातवा सोमवार, हा हिशेब करायला मला वही लागली नाही.

मॅडमचा आवाज तोवर कुजबुजीएवढा उरला होता. मला पाहिल्यावर पहिला प्रश्न:

"नळी धुतली होतीस ना?"

"तीनदा."

"मग रडतेस कशाला?"

"मॅडम, दुसऱ्या कुणाला एकदा फुंकायला लावलं असतं तर... मिस्त्रींनी सांगितलं होतं, मी..."

"थांब." त्यांनी दोन श्वास घेतले. आवाज खरंच धरलेल्या पात्याचा होता. "सही कुणाची आहे? माझी. आणि अजून सिद्ध काय झालंय? मी बिघडले, म्हणून यंत्र ठीक होतं असं कुठे ठरतं? दोन्ही बिघडलेली असू शकतात. यंत्र बिघडलेलं निघालं, तर तुझा संशय बरोबर आणि तुझा दोष नाही. प्रयोगशाळेत पाठव."

"आणि ठीक निघालं तर?"

"तर गुणक काढून टाक. तक्ता नव्यानं कर. त्या बेचाळीस जणांना पंखा मिळायला हवा." मग त्यांनी माझ्या मनगटावर बोट आपटलं, वर्गात टेबलावर आपटायच्या तसं. "अंदाजावर रडायचं नाही, कार्टे. पुरावा आला की रड."

बहीण म्हणाली, "अगं, आता तरी शिकवणं बंद कर."

"ती चुकली की मला झोप येत नाही," मॅडम म्हणाल्या.

मी त्याच दुपारी यंत्र पाठवलं. त्यानंतर रोज संध्याकाळी जात राहिले. रोज त्या भुवया उडवून विचारायच्या, आलं का? मी नकाराची मान हलवायचे. मला अहवाल हवा होता आणि नकोही होता. यंत्र खोटं निघावं, असं एखाद्या विज्ञानाच्या विद्यार्थिनीनं इतकं मनापासून मागितलं नसेल. आठव्या दिवसापासून त्यांनी विचारणं सोडलं. अकराव्या दिवशी पहाटे त्या गेल्या.

चौदाव्या दिवशी विभागात पाकीट आलं. मॅडमच्या खोलीला कुलूप होतं, म्हणून शिपाईकाकांनी ते माझ्या हातात दिलं. "तुझ्याच कामाचं दिसतंय, पोरी," ते म्हणाले. मी जिन्यात बसून ते उघडलं. आत एकच पान होतं. ठरावीक वेगाची हवा पंपानं यंत्रात सोडून, सहा वेगवेगळ्या वेगांवर, प्रत्येकी पाच वेळा तपासणी. नळी स्वच्छ. काट्याची हालचाल मोकळी.

सर्वाधिक तफावत: मिनिटाला दोन लिटर.