चढ आधी, कीर्तन उतारावर

मित्रांनो, मी सायकलमध्ये हवा भरायचा एक जुना पंप आहे. मालवणातल्या एका घराच्या माळ्यावर, सुंभाच्या गुंडाळीखाली पडून असतो. माझ्या पोटातला चामड्याचा वायसर सुकून गेला आहे. दांडा ओढला तर नुसती खडखड होते, हवा येत नाही. याचं तुला वाईट वाटतं का, असं तुम्ही विचाराल. खरं सांगायचं तर वाटत नाही. सुकलेल्या चामड्याला वाईटही वाटत नाही आणि बरंही वाटत नाही. म्हणूनच ही हकिगत मी तुम्हाला सरळ सांगू शकेन.

माझी नळी कुठल्या कारखान्यात झाली ते मला ठाऊक नाही. मूठ मात्र सावंतवाडीची. १९५१ साली गुरुदासबुवा कीर्तनकारांनी सावंतवाडीला सायकल घेतली, तेव्हा माझी मूळची मूठ चिरलेली निघाली. बुवा मला घेऊन लाकडी खेळणी करणाऱ्या कारागिराकडे गेले. त्याने बाहुल्या करता करता मला एक मूठ करून दिली, लाल आणि पिवळ्या लाखेची. इतकी सुबक मूठ त्या मुलखात दुसऱ्या कुठल्या पंपाला नव्हती. गावागावांतली पोरं मला हात लावायला धावत, म्हणून कीर्तनाच्या वेळी बुवा मला सायकलवरून काढून देवळात नेत आणि खांबाशी ठेवत. त्यामुळे मित्रांनो, मी जितकी कीर्तनं ऐकली तितकी चांगल्या चांगल्या भाविकांनी ऐकली नसतील. बुवा नामाचा गजर करत तेव्हा देवळाच्या घंटेची वादीसुद्धा थरथरे. ते सूर ऐकले म्हणून माझा जन्म वाया गेला नाही, एवढं मी मानतो.

दर मार्गशीर्षात बुवांची पाच गावांची फेरी असे. पहिल्या सकाळी होडीने खाडी ओलांडून तोंडवली, मग आचरा, तिथून वर फोंडाघाट, आणि कसाल, कट्टा करत परत मालवण. फेरी त्यांच्या वडिलांपासूनची. प्रत्येक गावात कीर्तन संपलं की गावचा मानकरी बुवांच्या हातात नारळ देई. नारळ दिला म्हणजे पुढल्या वर्षीचं आमंत्रण. नारळ दिला नाही तर त्या गावची सेवा संपली, असं समजायचं.

अठ्ठावन्न साली बुवांच्या घशात गाठ झाली. घाटावरच्या इस्पितळात नेऊन ती काढली. जीव राहिला, आवाज गेला. उरली ती नुसती कुजबुज. बुवा रडले नाहीत. चिडलेही नाहीत. जेवायला वाढलं तर जेवत, नाही वाढलं तर मागत नसत. पूजा करत, पण देवाकडे बघत नसत. चिपळ्या त्यांनी स्वतःच कापडात बांधून फडताळात ठेवल्या.

त्यांची मुलगी लीला वीस वर्षांची होती. आई गेल्यापासून घर तिच्याकडे. बुवांची सगळी आख्यानं तिला चुलीपुढे बसून पाठ झालेली. एकदा तिने विचारलं,

"बाबा, फेरी मी केलंय तर?"

बुवा उठले. मग कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून पेन्सिल घेऊन बसले.

तेव्हापासून महिनाभर तो आराखडा चालला. पाच गावांमधला प्रत्येक चढ बुवांना गुडघ्यांनी पाठ होता. धापा टाकत गावात शिरलेल्या माणसाला तासाभरात गाता येत नाही. त्यांची छाती मोठी होती, त्यांचं निभावून गेलं. लीलेला ते जमणार नव्हतं. म्हणून त्यांनी अख्खी फेरीच उलटी फिरवली. आधी कट्टा, मग कसाल, फोंडाघाट, आचरा आणि शेवटी तोंडवली. जिथे रस्ता चढाने गावात शिरत होता तिथे सड्यावरून, वरच्या कातळपठारावरून, लांबचा वळसा काढला, की वरून उतरून गावात जाता यावं.

"तीन मैल जास्त पडतत, बाबा," लीला म्हणाली. "लोक काय इचारतले, खंयच्या वाटेन इलंस म्हणान?"

"लोक नाय इचारणत," बुवा कुजबुजले. "दम इचारता. चढ आधी. कीर्तन उतारार."

पानावर त्यांनी सावलीची झाडं मांडली, पाण्याचे व्हाळ मांडले. काही ठिकाणी तर लिहिलं, 'येथे उतरून दोन क्षण बघणे.' एके ठिकाणी सड्याच्या कडेवरून समुद्र दिसे, एके ठिकाणी घाटाचा निळा डोंगर. डोळ्यांत काही भरून घेतलं नाही तर कीर्तनात वर्णन कुठून येणार, असं ते पूर्वी म्हणत. आता फक्त लिहीत होते.

शेजारच्या हौसाबाईंना हे समजलं तेव्हा त्या कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या.

"गुरुदास, चेडवाक सायकलीर बसवतस? चाकात लुगडा गावला तर रे?"

"कासोटो घट घालतंय, काकी," लीलाच म्हणाली.

"आणि कीर्तन? बाईमाणसाचा कोण आयकतलो?"

"तुमी रोज कुंपणार बोलतास, ता आख्खो वाडो आयकता मा?"

हौसाबाई हसल्या, आणि वाटेसाठी पोह्यांची पुरचुंडी आणून दिली.

मार्गशीर्षात ती दोघं निघाली. लीला भाड्याच्या सायकलवर, बुवा आपल्या, आणि मी बुवांच्या दांडीखाली. पहिल्या सड्यावर, जिथे पानावर 'बघणे' लिहिलं होतं, तिथे लीला उतरली. खाली माडांच्या शेंड्यांपलीकडे समुद्र चकाकत होता. ती बघत राहिली. बुवा सायकलचं मागलं चाक दाबून बघत होते. चाकात हवा भरपूर होती. तरी त्यांनी मला काढलं आणि चार वेळा दाबलं.

कट्टा झालं, कसाल झालं, फोंडाघाट आणि आचराही झालं. आराखडा अक्षरशः खरा ठरला. लीला उतारावरून वाऱ्यासारखी गावात येई, पाय धुई आणि तासाभरात उभी राही. आवाज गोड, स्पष्ट. बुवा पुढच्या रांगेत बसत. मला आता खांबाशी न ठेवता मांडीवर घेत. लोक माना डोलावत. पण नारळाची वेळ आली की मानकरी लीलेला बाजूला ठेवून पुढे येत आणि बुवांच्या हातात नारळ ठेवत. "बुवांच्या नावान," म्हणत. चारही गावांत असंच झालं.  चार नारळ लीलेच्याच कॅरिअरला बांधलेले होते.

चुकलं ते पाचव्या गावाला. आचऱ्याहून तोंडवलीला जाताना दुपारी समुद्रावरून खारा वारा सुटतो. बुवांना तो माहीत नव्हता असं नाही. पण इतकी वर्षं ती वाट ते उलट दिशेने जात, वारा पाठीवर घेत. पाठीवरचा वारा कुणाच्या लक्षात राहतो? पानावर एकही चढ सुटला नव्हता, वारा मात्र राहून गेला. लीलेने तो दोन तास तोंडावर घेतला. ती देवळात पोचली तेव्हा तिचा घसा बसला होता.

बुवांना ते तिने "पाणी" म्हटलं तेव्हाच समजलं. त्यांचा चेहरा तसाच राहिला. फक्त माझी मूठ त्यांनी घट्ट धरली.

तिन्हीसांजेला समया लागल्या. गाव जमलं होतं. आख्यान गजेंद्रमोक्षाचं. पहिल्याच पदात लीलेचा आवाज फाटला. गावचा पेटीवाला थांबला. सगळ्यांनी बुवांकडे पाहिलं. आता बुवा उठतील, काहीतरी करतील, असं साऱ्यांना वाटलं. बुवा उठले नाहीत. उठून ते काय करणार होते? लीलेनेही एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि मग बघितलं नाही.

तिने गाणं सोडून दिलं. बसक्या आवाजात ती नुसती सांगू लागली. हत्ती तळ्यात उतरला, नक्राने पाय धरला, सोबतचे हत्ती एकेक करून निघून गेले. चुलीपुढे बसून सांगावं तसं.  मागे मथुरा नावाची एक म्हातारी बसली होती. तिने ध्रुपद उचललं, कारण बुवांमुळे ते तिला पाठ होतं. मग बायांनी उचललं, मग सगळ्यांनी. लीला सांगत होती आणि गाव गात होतं. हत्तीने सोंडेत कमळ धरून देवाला हाक मारली तेव्हा लीलेच्या तोंडून शब्द जेमतेम बाहेर आला.

आरती झाली. मानकरी धोंडू गावकर नारळ घेऊन उभे राहिले. बुवांचा हात सवयीने पुढे झाला. धोंडू त्यांच्यासमोर थांबले.

"बुवानु, रागाव नुकात. हो नारळ चेडवाक."

कुणीतरी मागून म्हणालं, "आवाज खंय होतो तिका?"

"हत्ती बुडता, तेवा गळो गोड खंयसून आसतलो?" धोंडू म्हणाले. नारळ त्यांनी लीलेच्या ओंजळीत ठेवला. "फुडल्या वर्सा सकाळच्या होडयेन येस गो. दुपारचो वारो वायट."

बुवांचा पुढे झालेला हात तसाच हवेत राहिला. मग तो खाली आला आणि माझ्या लाखेच्या मुठीवर टेकला. माझा दांडा त्यांनी हळू ओढला आणि दाबला. एवढीशी हवा निघाली. ते आनंदात होते की दुःखात, मला कळलं नाही. आजही माहीत नाही. लीला पाया पडली तेव्हा ते एवढंच कुजबुजले,

"बरा सांगितलंस."

पुढे सहा वर्षं लीलेने ती फेरी केली आणि दर वर्षी बुवा पुढच्या रांगेत मला घेऊन बसले. मग ते गेले. सायकल विकली, पण तोवर माझी हवा कमी झाली होती, त्यामुळे गिऱ्हाइकाने मला घेतलं नाही. लीलाबाई आता फेरीला एस.टी.ने जातात. माझी तक्रार नाही.

एकच मागणं आहे, मित्रांनो. घरात कुणी आवाज गेलेलं, काम सुटलेलं माणूस असेल, तर त्याला घरी ठेवून कीर्तनाला जाऊ नका. बरोबर न्या, पुढे बसवा. त्याने काही करावं म्हणून त्याच्याकडे बघत राहू नका. आणि त्याच्या हातात काहीतरी धरायला द्या. जुना पंपसुद्धा चालतो.