वीतभर वायर

सदतीस वर्षांच्या संसारात चतुराबाईंनी नवऱ्यापासून एकच गोष्ट लपवली, आणि तीही शटरच्या वायरीची.

ज्ञानोबा सर चौसाळ्यात मुख्याध्यापक म्हणून रिटायर झाले आणि दोनच वर्षांत त्यांना लकवा मारून गेला. डावा पाय ओढावा लागे, पण उजवा ठणठणीत. डॉक्टरांनी होकार दिल्याबरोबर त्यांनी क्लच नसलेली गाडी घेतली, आणि मग त्यांचा पाय घरात ठरेना. पौर्णिमेला कुठल्यातरी गावच्या विहारात बोलायचं, नाहीतर पाटोद्याच्या बाजाराला जायचं. वडिलांना सारखं उतरावं लागू नये म्हणून पुण्याच्या मुलाने, संजयने, गाडीच्या खोलीला रिमोटचं शटर लावून दिलं. ते बसवायला स्टँडजवळची चैताली आली होती. आयटीआय केलेली, फटकळ तोंडाची पोर. शटरच्या मोटारीच्या पेटीतून खाली लोंबणारी वीतभर वायर दाखवून तिने बजावलं होतं, "काकू, हिला हात लावू नका. रिमोटचं हिलाच ऐकू येतंय."

पण लोंबतं काही म्हणून चतुराबाईंना खपत नसे. चौदा एप्रिलला निळ्या दिव्यांची माळ लावताना त्यांनी ती वायर गुंडाळली, लोखंडी चौकटीमागे खुपसली आणि वरून माळ बांधून टाकली. तोवर सर कोपऱ्यावरच्या लिंबाच्या झाडापासून बटण दाबत आणि शटर वर जाई. आता गाडीचं नाक टेकलं तरी ते कधी उघडे, बहुतेकदा ढिम्म. सरांनी सेल बदलले, खिडकीतून हात लांबवला, कुणाचं तरी ऐकून रिमोट डोक्याला लावूनही पाहिला. बाईंना दुसऱ्याच दिवशी वायर आठवली होती. पण त्या गप्प बसल्या, कारण वैतागून सरांचं बाहेर जाणं कमी झालं होतं, आणि ते बाहेर असले की बाई घरी घड्याळाकडे बघत बसत.

गेल्या आठवड्यात सरांचा अंदाज चुकला. रिमोट लागावा म्हणून शटरच्या अगदी जवळ जाता जाता गाडी धडकली आणि बंपर चेपला. बाईंनीच संजयला फोन केला. तो म्हणाला, रविवारी येतो आणि गाडी घेऊनच जातो. सर भांडले असते तर बाईंना सोपं गेलं असतं.

शनिवारी सकाळी त्या अंगणात आल्या तर सर गाडी रिकामी करत होते. चष्म्याचं घर, रुमाल, भाषणाच्या टिपणांची वही, सगळं एका पिशवीत भरलं. मग ओल्या फडक्याने स्टेअरिंग पुसलं, दार लावलं आणि पायरीवर बसून राहिले. दवाखान्यातसुद्धा हा माणूस इतका म्हातारा दिसला नव्हता. बाईंना स्वतःची लाज वाटली. काळजी काळजी म्हणत आपण याला दावणीला बांधायला निघालो होतो.

त्यांनी चैतालीला फोन लावला.

चैतालीने स्टुलावर चढून माळ सोडली आणि खाली वळून बघितलं. "ही कुणी गुंडाळली हो? आन वरून ही माळ! असल्या दिव्यांची लई खरखर आसती. रिमोटचं काय ऐकू येनार तिच्यात?"

"चुकून झालं असंल," सर म्हणाले.

"गुंडाळली तवा चुकून," चतुराबाई म्हणाल्या. "पर मला दुसऱ्याच दिवशी उमगलं व्हतं. तुमी घरी ऱ्हावं म्हनून बोलले न्हाई."

चैतालीने वायर सरळ करून खाली सोडली, माळ पार लांब कंपाउंडच्या भिंतीवर नेऊन बांधली आणि चहाला न थांबता निघून गेली.

सर म्हणाले, "इतकी भीती वाटती?"

"लई. तुमी कोपऱ्यापल्याड गेलात की मी दारातच हुबी ऱ्हाते."

"मग सांगितलं कावून न्हाई?"

सर उठले आणि पिशवीतली वही पुन्हा गाडीत ठेवून आले.

रविवारी सर पाटोद्याला निघाले तेव्हा चतुराबाई शेजारी बसल्या. लकव्यानंतर पहिल्यांदाच. रस्ताभर त्यांनी दाराची मूठ सोडली नाही. पण समोर ट्रक दिसला की सर आधीच हळू होतात, मागचा घाईत असला की त्याला खुशाल वाट देतात, हेही त्यांनी पाहिलं. भीती काही गेली नाही. मात्र घरी घड्याळाकडे बघत बसण्यापेक्षा ती इथे कमी होती.

परतताना गाडी कोपऱ्यावरच्या झाडापाशी आली तसा सरांनी रिमोट त्यांच्या हातात दिला. बाईंनी बटण दाबलं आणि तिकडे शटर सरसर वर गेलं. अंगणात संजय येऊन थांबलेला होता. गाडी आत लागली, तसा त्याने चावीसाठी हात पुढे केला.

"गाडी न्हाई न्यायची," चतुराबाई खाली उतरत म्हणाल्या.

"आई, तूच तर फोन केला होतास."

"केलता. चुकलं माजं. आता मी बसत जाईन ह्यांच्या बाजूला. भ्यायचंच हाय तर संगं बसून भिऊ."